आवडती गोष्ट आणि आवडते काम : २०२५ च्या चित्रपटांतील माझी निवड

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही आणि तुमचे मित्र दरवर्षी आवडत्या चित्रपटांची आणि आवडत्या भूमिकांची यादी करता. २०२५ ची यादी करताना तुमच्या लक्षात आले की ज्या चित्रपटांनी तुम्हाला रडवले, त्यांतलेच नट यादीत वर आले. त्यावर एका मित्राने विचारले की तुला गोष्ट आवडली की काम आवडले, आणि त्याला उत्तर देणे तुम्हाला जमले नाही. बहुतेक चित्रपट मोबाइलवर आणि काही तर हिंदी डबिंगमध्ये पाहणाऱ्याने अशी यादी करावी का, असेही तुम्ही विचारता, आणि शेवटी माझी स्वतःची निवड विचारता. मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या रंगभूमीवर आधी नट म्हणून आणि पुढे दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षे काम करत आलो आहे. चित्रपटाच्या सेटवरचा अनुभव मला नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या तंत्राविषयी मी फारसे बोलणार नाही. नटाच्या कामाविषयी मात्र सविस्तर लिहितो.

तुमच्या मित्राचा प्रश्न रास्त आहे आणि तो अवघडही आहे. नाटकात नट कमी पडला तर त्याला झाकायला कोणी नसते. समोर दोन-तीन हजार माणसे बसलेली असतात, आणि प्रसंग उभा राहिला नाही तर मंडपाच्या मागच्या बाजूला कुजबुज सुरू होते. चित्रपटात नटाचे काम लेखक, छायाचित्रकार, संकलक आणि संगीतकार यांच्या कामात मिसळून आपल्यापर्यंत येते. बाप मेल्याचा प्रसंग असेल, मागे सारंगी लागलेली असेल आणि मुलाचा चेहरा पडदाभर दाखवलेला असेल, तर प्रेक्षक रडतोच, आणि त्या रडण्यात त्याच्या स्वतःच्या घरातल्या एखाद्या मृत्यूची आठवणही मिसळलेली असते. अशा वेळी नटाने नेमके काय केले हे वेगळे काढणे सरावाशिवाय जमत नाही. म्हणून मी प्रसंगातून एकेक गोष्ट वजा करत जातो. संगीत नसते तर हा प्रसंग टिकला असता का? हाच संवाद दुसऱ्या एखाद्या बऱ्या नटाने म्हटला असता तर काही फरक पडला असता का? या पात्राविषयी मला वाटणारी दया त्याच्या परिस्थितीमुळे आहे की नटाने केलेल्या एखाद्या बारीक कृतीमुळे? एवढे बाजूला काढल्यावर जे उरते, ते नटाचे.

तालमीत मी नव्या मुलांना एक सवय लावतो आणि तीच तुम्हालाही सुचवतो. प्रसंगात जो बोलत नाही त्याच्याकडे पाहा. संवाद पाठ करून म्हणता येतो, मेहनतीने त्यात चढउतारही आणता येतात, परंतु दुसरा बोलत असताना ऐकणे हे पाठ करून होत नाही. आमच्याकडे तोच प्रयोग रोज नव्या गावात होतो आणि समोरच्या नटाचे वाक्य आपल्याला आधीच माहीत असते. तरीही ते वाक्य पात्राने आज पहिल्यांदाच ऐकले आहे असे वाटले पाहिजे. ज्याला हे साधत नाही तो आपल्या पाळीची वाट पाहत उभा राहतो, आणि ते प्रेक्षकाला कळते, जरी काय खटकले हे त्याला शब्दांत सांगता आले नाही तरी. चित्रपटातही हीच कसोटी लागू पडते. एखादा प्रसंग आवडला की तो पुन्हा लावा, आवाज पूर्ण बंद करा आणि फक्त ऐकणाऱ्याचा चेहरा, मान आणि हात पाहा. मोबाइलवर चित्रपट पाहण्याचा हा एक मोठा फायदा आहे, कारण टॉकीजमध्ये प्रसंग मागे नेता येत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. लहान पडद्यावर चेहरा दिसतो, पण शरीर हरवते. दूरवरून घेतलेल्या दृश्यात नट कसा चालतो, खांदे कसे धरतो हे मोबाइलवर नीट दिसत नाही, म्हणून ज्या भूमिकांचे मर्म चालण्याबसण्यात आहे त्यांच्यावर नकळत अन्याय होतो. शक्य असेल तर असे चित्रपट घरच्या टीव्हीवर तरी पाहावेत. डबिंगची बाब अधिक गंभीर आहे. मल्याळम किंवा कन्नड चित्रपट हिंदीत पाहिला तर ऐकू येणारा आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याच कलाकाराचा असतो, आणि नटाचे निम्मे काम तर आवाजात असते. डब केलेला चित्रपट आवडत्या चित्रपटांच्या यादीत खुशाल घ्या. त्यातल्या नटाला अभिनयाच्या यादीत घेण्यापूर्वी मात्र तोच चित्रपट मूळ भाषेत, खालच्या अक्षरांसह, निदान अर्धा तास पाहा.

वर्ष कोणते धरायचे हाही प्रश्न येतो. 'स्थळ' हा चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये दाखवला गेला होता, पण आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो ७ मार्च २०२५ रोजी आला. माझा नियम साधा आहे : सामान्य प्रेक्षकाला तिकीट काढून किंवा घरी बसून पाहता येईल अशा रीतीने चित्रपट ज्या वर्षी आला, ते त्याचे वर्ष. आणखी एक मर्यादा माझी आहे. भाऊबीजेनंतर आमच्या भागात मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात आणि तेव्हापासून होळीच्या सुमारापर्यंत नाटकांचा हंगाम असतो. त्या काळात रात्री रंगमंचावर आणि दिवस प्रवासात जातात, म्हणून दिवाळीनंतर आलेले चित्रपट मी या यादीत धरलेले नाहीत. तुमच्या यादीत ते असतील आणि असायला हवेत.

माझ्या दोन्ही याद्यांत सर्वांत वर 'स्थळ' आहे. जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा पहिला चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो आणि त्यातले कलाकार त्याच भागातले, यापूर्वी चित्रपटात काम न केलेले लोक आहेत. कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी सविता शिकते आहे, तिला स्पर्धा परीक्षा द्यायची आहे, आणि घरात तिच्यासाठी स्थळे येत राहतात. पाहुणे येतात, तिला समोर बसवले जाते, नाव, शिक्षण, उंची, छंद असे तेच ते प्रश्न विचारले जातात, आणि नकार येतो, कधी रंगावरून, कधी उंचीवरून. सुरुवातीला एक स्वप्न आहे, त्यात मुली प्रश्न विचारतात आणि मुलगा समोर बसून उत्तरे देतो. हे एकच दृश्य पुढच्या सगळ्या बैठकांकडे पाहण्याची आपली नजर बदलून टाकते. शेवट मी सांगणार नाही.

सविताची भूमिका नंदिनी चिकटे हिने केली आहे. तिचे काम पहिल्या क्रमांकावर ठेवताना मी बराच विचार केला, कारण नवख्या कलाकाराविषयी 'ती तर स्वतःसारखीच वागली' असे म्हणून तिचे श्रेय काढून घेण्याची आपल्याला सवय आहे. मला ते मान्य नाही. रोज तेच वाक्य म्हणणारा नट काही प्रयोगांनंतर यंत्रासारखा होतो, आणि त्याला त्यातून बाहेर काढणे हे दिग्दर्शकाचे सर्वांत कठीण काम असते. येथे तर पात्रच यंत्रासारखे होत जाणार आहे. तेच प्रश्न, तीच उत्तरे, तीच खाली घातलेली मान. अशा वेळी पात्र थकत गेले पाहिजे, पण नटीचे लक्ष थकता कामा नये. नंदिनीच्या प्रत्येक बैठकीत काहीतरी थोडेसे सरकलेले असते. पहिल्या वेळी उत्तर देताना तिच्या आवाजात आपण निवडले जाऊ अशी एक शक्यता असते. पुढे प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तर तयार असल्याचे तिच्या चेहऱ्यावर दिसते. त्याही पुढे ती उत्तर देते तेव्हा समोरच्या माणसांकडे तिचे लक्षच उरलेले नसते. संगीत वजा करा, सहानुभूती वजा करा, तरी हा क्रम उरतोच. आवाज बंद करून या बैठका एकापाठोपाठ एक पाहिल्या तरी त्यांतली कोणती आधीची आणि कोणती नंतरची हे सांगता येईल. शिकलेल्या नटांनाही हे सहज जमत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

त्याच चित्रपटात वडिलांचे काम तारानाथ खिरटकर यांनी केले आहे. मुलीच्या बापाची भूमिका आमच्या नाटकांतही नेहमी असते आणि ती करणारा नट बहुधा दुसऱ्या अंकात टाहो फोडतो. तो टाहो मला चुकीचा वाटत नाही, प्रेक्षक त्यासाठी थांबलेला असतो. परंतु 'स्थळ'मधला बाप हिशेब करतो. कापसाला भाव किती मिळेल, हुंडा किती द्यावा लागेल, हे आकडे तो मनात मांडत असल्याचे त्याच्या बसण्यावरून कळते. विदर्भातल्या कापूसपट्ट्यात ज्याने असे घर पाहिले आहे त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. चित्रपट म्हणून माझी एक तक्रार आहे : मधल्या भागातली एक-दोन बैठकांची पुनरावृत्ती कमी केली असती तरी मुद्दा तितकाच पोचला असता.

दुसरा चित्रपट 'साबर बोंडं'. रोहन परशुराम कानवडे यांचा हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपटांच्या विभागातला परीक्षक मंडळाचा सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला आणि सप्टेंबरात आपल्याकडे प्रदर्शित झाला. मुंबईत राहणारा आनंद वडिलांच्या मृत्यूनंतर सुतकाच्या दिवसांसाठी गावी येतो. नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात, आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. दोन पुरुषांमधल्या प्रेमाची ही गोष्ट आहे. गावाकडचे काही मित्र ती पाहताना अवघडून जातील. तरी त्यांनी ती पाहावी असे मी आग्रहाने सांगेन, कारण यातले गाव, सुतक, भाऊबंद आणि त्यांचे बोलणे अगदी आपल्या ओळखीचे आहे. तुमच्या प्रश्नासाठी या चित्रपटाचे विशेष महत्त्व असे की यात पार्श्वसंगीत नाही. मी तुम्हाला जी वजाबाकी करायला सांगतो आहे त्यातली पहिली पायरी दिग्दर्शकानेच करून ठेवली आहे. कॅमेरा बराच वेळ एका जागी थांबतो आणि नटाला आधार द्यायला काही उरत नाही. भूषण मनोज यांचा आनंद फार कमी बोलतो. माणसांनी भरलेल्या घरात एखाद्याला एकटे कसे राहावे लागते, हे त्यांनी केवळ उठण्याबसण्यातून दाखवले आहे. आईचे काम करणाऱ्या जयश्री जगताप यांचा एक विशेष मला फार भावला : ही आई मुलाविषयी सगळे जाणते, पण ते जाणणे ती मिरवत नाही. नातेवाईक प्रश्न विचारतात तेव्हा ती विषय असा वळवते की मुलाला वाचवले हे फक्त त्या दोघांनाच कळावे.

नीरज घायवान यांचा 'होमबाउंड' हा तुमच्याही यादीत आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि तुम्हाला सर्वांत जास्त रडवणारा चित्रपटही तोच आहे. २०२० च्या टाळेबंदीत रस्त्याच्या कडेला आजारी मित्राला सांभाळत बसलेल्या एका तरुणाचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले होते. त्यावर बशारत पीर यांनी लिहिलेल्या लेखातून ही कथा घडली. ऑस्करसाठी भारताची अधिकृत निवड म्हणून तो पाठवला गेला. एक दलित आणि एक मुसलमान असे दोन मित्र पोलीस भरतीच्या मागे आहेत, कारण वर्दी अंगावर चढली की लोक सरळ बोलतील अशी त्यांची आशा आहे. आपल्याकडे पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर भरतीसाठी धावणारी मुले ज्याने पाहिली आहेत, त्याला ही आशा नवी नाही.

येथे तुमची अडचण नेमकी समोर येते. या कथेचा शेवट इतका जड आहे की कोणताही बरा नट तेथे प्रेक्षकाला रडवू शकेल. म्हणून विशाल जेठवा आणि ईशान खट्टर यांचे काम शेवटावरून जोखू नका, पहिल्या तासावरून जोखा. विशाल जेठवा यांच्या चंदनला कोणी नाव विचारले की उत्तराआधी जो क्षणभराचा अवकाश येतो, तो पाहा. पुढचा प्रश्न आडनावाचा असणार हे त्याला ठाऊक आहे आणि तो त्याची तयारी करतो आहे. डोळे आधी समोरच्यावर जातात, मग खाली येतात, आणि आवाज किंचित मऊ होतो. हा अवकाश संहितेत लिहिता येत नाही, तो नटालाच शोधावा लागतो. ईशान खट्टर यांचा शोएब रागीट आहे, आणि राग दाखवणे तुलनेने सोपे असते. त्यांचे खरे काम राग गिळण्यात आहे. कार्यालयातल्या माणसांमध्ये त्याच्या धर्मावरून बोलले जाते तेव्हा चेहऱ्यावरचे हसू लगेच जात नाही, ते थोडा वेळ तसेच अडकून राहते आणि मग विरते. दोघांतून एकच निवडायचा असेल तर मी विशाल जेठवा यांना निवडेन.

'दशावतार'विषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण तो लोकरंगभूमीच्या नटाविषयीचा चित्रपट आहे आणि त्या बाबतीत मी तटस्थ राहू शकत नाही. सुबोध खानोलकर दिग्दर्शित या चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी कोकणातल्या बाबुली मेस्त्री या म्हाताऱ्या दशावतारी नटाची भूमिका केली आहे. दृष्टी अधू होत चालली आहे, मुलाला वाटते की वडिलांनी आता थांबावे, आणि त्यांना थांबवत नाही. कोकणातला दशावतार आणि आमची झाडीपट्टी यांत फरक पुष्कळ आहेत. दशावतारात लिखित संहिता नसते, संवाद नट प्रसंगानुसार रचतात आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच करतात. आमच्याकडे लिहिलेले तीन अंक असतात, प्रॉम्प्टर असतो आणि स्त्रीभूमिका स्त्रिया करतात. पण रात्रभर खेळ, रोज दुसरे गाव, दिवसा दुसरे पोटापाण्याचे काम, आणि प्रेक्षकाला तोंडाने ओळखणे हे दोन्हीकडे सारखे आहे. झाडीपट्टीतले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्याकडच्या नटांना जी भावना झाली, त्याच भावनेने मी हा चित्रपट पाहायला गेलो.

प्रभावळकर यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे चित्रपट आला तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. अनेकांनी या वयाचेच कौतुक केले. मी वयही वजा करतो. जे उरते ते असे : या नटाने एकाच माणसाची दोन शरीरे उभी केली आहेत. रंग लावून उभा राहिलेला बाबुली पावले जमिनीत रोवतो, छाती पुढे येते, हात खांद्यापासून फिरतात, कारण शेवटच्या रांगेतल्या माणसाला ती हालचाल दिसायची आहे. घरातला बाबुली हात कोपरापासूनच हलवतो आणि बसण्यापूर्वी जागा चाचपतो. रंगमंचावरचा नट घरी कसा असतो हे मी आयुष्यभर पाहिले आहे. तो घरी लहान होतो. त्याची शक्ती तो रात्रीसाठी राखून ठेवतो. हे निरीक्षण प्रभावळकरांनी कोठून आणले हे मी सांगू शकत नाही, पण ते खरे आहे. 'लगे रहो मुन्नाभाई'मधल्या गांधीजींच्या भूमिकेसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. तेथे त्यांनी सगळे काम शांतपणावर पेलले होते. येथे शांतपणा आणि आवेश हे दोन्ही एका भूमिकेत आहेत.

असे असूनही 'दशावतार' माझ्या आवडत्या चित्रपटांच्या यादीत नाही. उत्तरार्धात कथा खाणीच्या प्रकल्पाकडे आणि सूडाकडे वळते आणि तेथे दृश्यांचा थाट नटाच्या पुढे निघून जातो. तुमच्या मित्राच्या प्रश्नाचे सर्वांत सोपे उत्तर या चित्रपटात आहे : काम फार आवडले, गोष्ट तितकी आवडली नाही. एकाच कागदावर दोन याद्या करा, आणि ज्या दिवशी पहिल्या यादीत नसलेल्या चित्रपटातला नट दुसऱ्या यादीत वर येईल, त्या दिवशी तुम्हाला हा फरक कळू लागला असे समजा.

आता 'छावा'. हा चित्रपट आपल्या भागात ट्रॅक्टर भरभरून लोकांनी पाहिला, आणि तुम्ही लिहिता की चोखंदळ म्हणवणारे मित्र विकी कौशल यांच्या कामाला आरडाओरडा म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. मोठा आवाज म्हणजे वाईट अभिनय, ही समजूत शहरी दिवाणखान्याच्या नाटकांतून आली आहे. खुल्या मैदानावर, वर टांगलेल्या माईकच्या भरवशावर, थंडीत घोंगड्या पांघरून बसलेल्या माणसांपर्यंत पोचायचे तर आवाज मोठाच लागतो. प्रश्न आवाजाच्या उंचीचा नसतो, त्या उंचीवर गेल्यावर त्यात फरक उरतो का याचा असतो. विकी कौशल यांच्या आवाजात शेवटच्या भागात वेदना, चीड आणि हट्ट हे वेगवेगळे ऐकू येतात. मधल्या लढायांत ते एकसारखे होतात. त्याच चित्रपटात अक्षय खन्ना यांनी औरंगजेब जवळजवळ न हलता आणि आवाज खाली ठेवून केला आहे. समोरचा सगळा चित्रपट उंच स्वरात असताना खाली राहण्याचा निर्णय धाडसाचा आहे, आणि दोन्ही कामे एकमेकांमुळे अधिक उठून दिसतात.

'छावा'मुळे आणखी एका नटाकडे लक्ष वेधतो. विनीत कुमार सिंह यांनी त्यात कवी कलश केला आहे. 'छावा' १४ फेब्रुवारीला आला आणि २८ फेब्रुवारीला रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला, त्यात याच नटाने फरोग नावाचा लेखक केला आहे. म्हणजे पंधरवड्याच्या आत एकाच माणसाने दोन शब्दवेडे लोक उभे केले. नटाला जोखायची इतकी सोयीची संधी क्वचित मिळते. हे दोन चित्रपट लागोपाठ पाहा. कलशच्या शब्दांना दरबार आहे, मित्र आहे, ऐकणारा राजा आहे, म्हणून त्याचे वाक्य पूर्ण लयीत संपते. फरोगच्या शब्दांना कोणी ऐकणारे नाही, मुंबईत त्याला दारातून परत पाठवले जाते, म्हणून तो वाक्य घाईने म्हणतो, समोरचा उठून जाण्याआधी ते संपले पाहिजे अशा भीतीने. मालेगावात घरच्या साधनांनी चित्रपट काढणाऱ्या खऱ्या माणसांवर हा चित्रपट बेतला आहे. लहान गावात कला करणाऱ्या प्रत्येकाला त्यातला मानापमान कळेल. चित्रपटांच्या यादीत मी तो चौथ्या क्रमांकावर ठेवतो, आणि भूमिकांच्या यादीत विनीत कुमार सिंह यांना या दोन्ही कामांसाठी मिळून जागा देतो.

'जारण'मधल्या अमृता सुभाष यांच्याविषयी थोडक्यात लिहितो. करणी आणि भीती यांच्या कथेत नटीला थरथरणे, किंचाळणे हे सगळे आयते मिळते. त्यांनी ते केलेही आहे. पण त्या साध्या घरगुती प्रसंगातही आपल्याला अस्वस्थ करतात, म्हणून त्यांचे नाव माझ्या यादीत आले.

सगळे एकत्र सांगायचे तर माझे चित्रपट असे : 'स्थळ', 'साबर बोंडं', 'होमबाउंड', 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'. भूमिका अशा : नंदिनी चिकटे, दिलीप प्रभावळकर, विशाल जेठवा, जयश्री जगताप, विनीत कुमार सिंह, अमृता सुभाष. नंदिनी आणि प्रभावळकर यांच्यात एकीचे पहिले आणि दुसऱ्याचे दीर्घ वाटचालीनंतर मिळालेले शिखराचे काम आहे. दोघांना वर-खाली करणे मला जड गेले आणि पुढच्या वर्षी विचारले तर कदाचित क्रम बदललेला असेल. यादी करताना तुम्हीही प्रत्येक नावापुढे 'अप्रतिम', 'जबरदस्त' असे विशेषण लिहू नका. त्या नटाने केलेली एक कृती लिहा, जी डोळ्यांना दिसली किंवा कानांना ऐकू आली. अशी एकही कृती आठवत नसेल, तर बहुधा तुम्हाला गोष्ट आवडली आहे. आणि चित्रपट संपल्यावर लगेच लिहू नका, दोन-चार दिवस जाऊ द्या. शेवटाचा भार ओसरला की मधले प्रसंग दिसू लागतात.

एक जागा लहान भूमिकेसाठी राखून ठेवा, अशी माझी विनंती आहे. आमच्या नाटकांत दोन प्रसंगांपुरता येणारा नोकर किंवा शेजारीण पडली तर नायकाचा पुढचा सगळा प्रवेश पडतो, पण बक्षीस देताना त्यांची नावे कोणाला आठवत नाहीत. यंदाची माझी ती जागा 'होमबाउंड'मध्ये चंदनच्या आईचे काम करणाऱ्या शालिनी वत्स यांची आहे. त्यांच्या वाट्याला मोजके प्रसंग आहेत. त्यांत मुलाशी बोलताना त्यांचे हात कामातून सुटत नाहीत, आणि मुलगा घरची परिस्थिती बदलण्याविषयी बोलत असतो तेव्हा त्या त्याच्याकडे न पाहता ऐकतात. तुमच्या यादीतला 'होमबाउंड' पुन्हा लावाल तेव्हा आधी हे प्रसंग आवाज बंद करून पाहा, आणि मग तुमच्या मित्रालाही दाखवा.